पालक आरडाओरड करतात

माझ्या नवऱ्याला हळू बोलता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा राडा त्यावरूनच झाला.

लालासाब एकवीस वर्षं इचलकरंजीत माग चालवतात. एका पत्र्याखाली अठ्ठेचाळीस माग, त्यातले आठ त्यांच्याकडे. मी त्याच शेडात कोपऱ्यात बसून कांड्या भरते, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारं सूत गुंडाळते. माग सुरू झाले की शेजारच्याच्या कानात बोंबललं तरी नुसतं तोंड हललेलं दिसतं. म्हणून आत कुणी आवाज काढून बोलतच नाही. ओठ हलवायचे, हात हलवायचे. दोन बोटं ओठाला लावली की चहा. मनगटावर टिचकी मारली की किती वाजले. मालक आला की छातीवर तळहात. वीसवीस फुटांवरून एकमेकांचे ओठ वाचून आम्ही भांडणंसुद्धा करतो. मात्र शेडाबाहेर पडलं की कान भरलेले असतात आणि माणूस ओरडूनच बोलतो. आमच्या गल्लीत कुणी हळू बोललं तर लोक विचारतात, ताप आलाय का.

आमची सबिना तेरा वर्षांची. गोलकीपर आहे. कांड्यांच्या टोपल्या उचलून हात असे झालेत की बॉल चिकटून बसतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या शाळेत एक संस्था आली, पोरींना फुटबॉल शिकवायला. संस्थेचं नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला. तिथं दोन माणसं महत्त्वाची. एक तेजस्वी मॅडम, कोच, हातकणंगल्याहून एसटीनं येणारी साधी पोरगी. दुसरा ऋतुराज, तो सगळ्याचा प्रमुख. कोल्हापुरातून गाडीनं आठवड्यातून दोनदा यायचा. आम्ही त्याला सर म्हणायचो. पुढं मी म्हणणार नाही.

या ऋतुराजनं एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलेला. नाव 'पालक परिवार'. त्यात चौपन्न घरं, आणि बोलायची परवानगी फक्त त्याला एकट्याला. आम्ही वाचायचं. परिवार म्हणे.

मंगळवारी सकाळी अकराला त्या ग्रुपवर मेसेज पडला. उद्या सकाळी सातला कोल्हापुरात जिल्हा संघाची निवड चाचणी, पालकांनी पाचच्या आत लिंक उघडून संमती भरावी, नाहीतर नाव वगळलं जाईल. आमच्या घरात फोन एकच, लालासाबांचा. शेडात कापसाचा भुगा उडतो म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिळ्याला टांगलेला असतो. शिफ्ट सकाळी आठ ते रात्री आठ. मंगळवारी सराव नसतो, त्यामुळं सबिनालाही काही कळलं नाही.

चारच्या सुमाराला लालासाब पाणी प्यायला गेले तेव्हा पिशवीत उजेड दिसला. त्यांनी फोन उचलला. मी कोपऱ्यातून बघत होते, त्यांचे ओठ मला दिसत होते. ते म्हणाले, कोण बोलतंय, जोरात बोला की, आयकू येईना, आठला फोन करा, आठला. तेवढ्यात एका मागाचा धागा तुटला. धागा तुटून माग चालू राहिला तर कापड वाया जातं. ते फोन ठेवून पळाले. घडलं ते एवढंच.

रात्री सव्वाआठला मेसेज वाचला तेव्हा लिंक बंद झालेली. ऋतुराजचा फोन लागेना. सबिना म्हणाली, मी सकाळी तशीच जाते. साडेपाचला हातमोजे घेऊन ग्राउंडवर गेली. सातच्या आत परत आली.

"अम्मी, यादीत नाव न्हाय," एवढंच बोलली. तेजस्वी मॅडमनं यादी हातात धरून तिला कोल्हापूरच्या गाडीत चढू दिलं नव्हतं. सबिनानं हातमोजे धुतले आणि खिळ्याला उलटे टांगले. वयाची अट चौदाची. पुढच्या वर्षी ती या गटात बसत नाही. म्हणजे ही चाचणी गेली ती गेली.

मी ऋतुराजच्या ऑफिसात गेले. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, गोड बोलला. ताई, आम्ही मेसेज केला, फोन केला, पालकांचा प्रतिसाद नव्हता, नियम सगळ्यांना सारखा. मी शेडाचं सांगायला लागले तर तो मान हलवत मोबाईल बघत होता. मग म्हणाला, ताई, पालकांनी पण थोडं गांभीर्य दाखवलं पाहिजे. बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला हा गांभीर्य शिकवणार.

बाहेर पडताना तेजस्वी मॅडमनं मला आतल्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक जाड वही उघडून ठेवली आणि म्हणाली, मी बाटली भरून आणते, पाच मिनिटं लागतील. गेली निघून. वहीवर लिहिलेलं, कुटुंब संपर्क नोंद. मी गडमुडशिंगीच्या शाळेत सातवी पास झालेली आहे, मला वाचता येतं. सबिनाच्या नावापुढं ऋतुराजच्या अक्षरात होतं: वडील उद्धट. फोनवर आरडाओरड करून फोन कापला. पालक असहकारी. पुढे शिफारस करू नये.

ती परत आल्यावर मी विचारलं, पुढे शिफारस म्हणजे काय. ती म्हणाली, महिनाअखेरीला मुलींच्या निवासी क्रीडाशाळेला नावं जातात, ही नोंद बघून. सबिना माझ्या यादीत पहिली आहे, पण या नोंदीवर सर सही करणार नाहीत.

म्हणजे एक चाचणी खाऊन त्याचं पोट भरलं नव्हतं. पोरीची पुढची वाटसुद्धा त्यानं दोन ओळींत लिंपून टाकली होती.

घरी सांगितलं तर लालासाबांची अर्धी भाकरी ताटात राहिली. मग म्हणाले, "मी माफी मागून येऊ का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. त्या हळू आवाजानं माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, माफी तो मागंल, आणि चारचौघांत मागंल, नाहीतर मी लालासाबाची बायको न्हाय.

संधी त्यानंच आणून दिली. ग्रुपवर मेसेज आला, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी 'कुटुंब संवाद मेळावा'. पुण्याहून संस्थेला मदत करणारे पाहुणे येणार. सर्व पालकांची उपस्थिती अनिवार्य, गैरहजर पालकांच्या मुलींच्या सहभागाबाबत फेरविचार करण्यात येईल. शुक्रवारी माग बंद असतात, हे मात्र त्याला बरोबर माहीत होतं. स्वतःचं काम असलं की सगळं माहीत असतं.

मी आणि धोंडुबाई घरोघर फिरलो. धोंडुबाईची नात सबिनाबरोबर खेळते. तीस वर्षं कांड्या भरून तिचे कान गेलेत. तिला बेत सांगितला तर खदखदून हसली. म्हणाली, "मला तर आयकूच येत न्हाय, मी आधीपास्नंच तयार हाय." सगळे तसे नव्हते. झुंबरबाई म्हणाली, माझ्या पोरीला काढलं म्हणजे, तू काय तुझ्या अंगणात खेळवणार हाईस? मी खोटं बोलले नाही. काढतीलही म्हणाले. पण आज सबिनाच्या नावापुढं लिहिलंय, उद्या तुझ्या पोरीच्या पुढं लिहितील, आणि तुला वाचायलासुद्धा मिळणार न्हाय. तिनं दार लावून घेतलं. आणखी दोन घरांनी नकार दिला. बाकीच्यांनी विचारलं, करायचं काय ते सांग.

शुक्रवारी हॉल भरला. व्यासपीठावर मोठा बॅनर, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात सरबताचं पिंप. पाहुणे तिघं, त्यातल्या पांढऱ्या केसांच्या बाई मोठ्या असाव्यात, कारण ऋतुराज त्यांच्याकडं बघून बोलत होता. तो म्हणाला, संवाद हा आमच्या उपक्रमाचा श्वास आहे, प्रत्येक कुटुंबाशी आमचा रोजचा संपर्क आहे. टाळ्या त्यानंच सुरू केल्या. कुणी साथ दिली नाही.

पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, तुमचं ऐकलं, आता पालकांना बोलू द्या. माईक पहिल्या ओळीत लालासाबांच्या हातात आला. मीच त्यांना तिथं बसवलेलं.

ते उठले. माईक बंद करून खुर्चीवर ठेवला. आणि शेडात बोलतात तसं बोलायला लागले. ओठ हलत होते, हात हलत होते, आवाज काही नाही. मग धोंडुबाई उठली. तिच्यामागून दुसरी, तिसरी, मग ओळीच्या ओळी. पन्नासेक माणसं उभी राहून पोटतिडकीनं बोलत होती आणि हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. जे मागावर काम करत नाहीत, त्यांनीसुद्धा दोन दिवस शिकून घेतलेलं.

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. ऋतुराज घाईनं खाली उतरला, माईक उचलून लालासाबांच्या तोंडाशी धरला आणि म्हणाला, "दादा, काही ऐकू येत नाहीये. मोठ्यानं बोला."

मी त्याच्या तोंडून हेच निघायची वाट बघत होते.

मी उठले आणि म्हणाले, "मोठ्यानं बोलल्यावर तुम्ही वहीत लिहिता."

मग पाठ केलेलं म्हणून दाखवलं, एक शब्द न गाळता. वडील उद्धट, आरडाओरड, असहकारी, शिफारस करू नये. फोन कुठं आला, किती वाजता आला, धागा कसा तुटला, सगळं सांगितलं. ग्रुपवर आम्हाला बोलता येत नाही हेही सांगितलं. ऋतुराज म्हणाला, काहीतरी गैरसमज होतोय, हा विषय आपण नंतर बसून बोलू. पांढऱ्या केसांच्या बाईंनी त्याला हातानं थांबवलं आणि वही मागितली. तो म्हणाला, वही ऑफिसला आहे. मागून तेजस्वी मॅडम आली आणि पिशवीतून वही काढून बाईंच्या हातात दिली. तिची नोकरी त्या दिवशी जाऊ शकली असती. तिला ते माहीत होतं.

बाईंनी वाचलं. पुढची पानंही उलटली. तसल्या शेऱ्यांची अकरा घरं निघाली. एकीकडं लिहिलेलं, आई अशिक्षित, समजत नाही. एकीकडं नुसतं, संपर्क निरुपयोगी. त्या प्रत्येक घरातलं माणूस त्या हॉलमध्ये उभं होतं. आणि झुंबरबाई, जिनं दार लावून घेतलं होतं, ती दारातच उभी होती. तिचंही नाव निघालं.

बाईंनी मला विचारलं, तुमचे पती मघाशी काय म्हणत होते.

"एकच म्हणत होते," मी सांगितलं. "माझ्या पोरीचं नाव का कापलं. पाच वेळा म्हणाले. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं."

ऋतुराजनं खिशातून पेन काढलं. पांढरी शाई असलेलं. मी म्हणाले, ते नको. खोडलेलं दिसलं पाहिजे. साध्या पेनानं आडवी रेघ मार, खाली सही कर, आणि तोंडानं माफी माग. त्याला अरे-तुरे केलेलं त्या हॉलमध्ये कुणालाच खटकलं नाही. अकरा ठिकाणी रेघा मारल्या त्यानं. अकरा माणसांपुढं उभा राहिला. लालासाबांपुढं माफी मागताना इतक्या बारीक आवाजात बोलला की मी म्हणाले, आयकू येईना.

त्यानं परत म्हटलं. जोरात.

मला एवढ्यावर समाधान नव्हतं. पाहुण्यांनी विचारलं, तुमची अजून काय अपेक्षा. मी म्हणाले, निरोप असला की मेसेज पाठवून मोकळं व्हायचं न्हाय. मागावरच्या घराचा निरोप यानं स्वतः शेडात येऊन द्यायचा, चालू शिफ्टला. बाईंनी ते लिहून घेतलं आणि त्याच्यापुढं सहीला सरकवलं.

बारा दिवसांनी तो आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. दारात पाऊल टाकलं आणि अठ्ठेचाळीस मागांचा आवाज अंगावर आल्यावर दोन पावलं मागं गेला. तेजस्वी मॅडम वही घेऊन त्याच्या मागं. लालासाब मागांच्या गल्लीत उभे होते. तो त्यांच्याजवळ गेला आणि ओरडला, "सबिनाची शिफारस क्रीडाशाळेला पाठवली."

लालासाबांनी कानाला हात लावला.

तो परत ओरडला. भुगा त्याच्या तोंडात गेला, खोकला. लालासाब चेहरा कोरा ठेवून उभे. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा त्याच्या मानेची शीर टरारली, डोळ्यांत पाणी आलं, शर्टावर कापूस चिकटलेला. चौथ्यांदाही ओरडला. आम्हा सगळ्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं. ओठच वाचायचे असतात ते. मी कोपऱ्यातून लालासाबांना बोटानं खूण केली, अजून एकदा.

सबिनाची चाचणी त्यामुळं परत आली नाही. हातमोजे आता सरळ टांगलेत, पण मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

पाचव्यांदा ओरडून झाल्यावर लालासाबांनी मान हलवली, कळलं म्हणून. मी उठून तेजस्वी मॅडमकडून वही घेतली, त्या दिवसाच्या रकान्यात माझ्या सातवी पास अक्षरात लिहिलं आणि सहीसाठी त्याच्यापुढं धरलं. त्यानं वाचलं. मी पेन पुढं केलं.

सर आले. आरडाओरड केली. पालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

त्यानं सही केली.