शुभ्र वस्त्रांची फौज

पंचाक्षरीबुवांचे बायबलातल्या शेवटच्या लढाईचे आख्यान ऐकायला चार-चार कोसांवरून माणसे सोलापुरात आमच्या ख्रिस्तमंदिराच्या अंगणात येत. मी बारा वर्षे त्यांच्यामागे झांज धरली. पांढऱ्या घोड्यावर प्रभू, मागे स्वर्गीचे सैन्य; ‘निघाली स्वारी, हाती तरवारी’ हे बुवांनी स्वतः रचलेले पद लागले की आजही अंगावर काटा येतो.

तेहेतीस सालच्या एका रविवारी येडू धनगर कुऱ्हाड घेऊनच कीर्तनाला आला. त्याने बाप्तिस्मा घेतल्यापासून थोरला भाऊ धुळा त्याला विहिरीवर येऊ देत नव्हता. आदल्या दिवशी तर धुळाने येडूच्या बायकोची, कस्तुराबाईची घागर फोडून तिला ढकलले होते.

पद संपताच येडू उठला. “बुवा, धुळा सैतानाकडचा की न्हाय?”

“असं कुणाला म्हणू नये, येडूदादा.”

“मग लडाई कुनाशी? हाती तरवारी म्हनं. माज्याकडं कुराड हाय. आज घरी जाताना सुरू करतो.”

मागून कोणी म्हणाले, “सरदार, घरधनिणीला इचारलं का?”

“मला कोन इचारतंय?” कस्तुराबाई म्हणाली. “कुराड घरी ठिवा म्हनलं, तर खांद्यावर टाकून आलं की!”

लोक हसले. येडू हसला नाही.

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या, पवित्र शास्त्र उघडले आणि ओळीवर बोट फिरवत वाचले. पुन्हा वाचले. सैन्याच्या अंगावर स्वच्छ, शुभ्र तागाची वस्त्रे होती. हातांविषयी एक अक्षर नव्हते. तरवार एकच, तीही प्रभूच्या मुखातून निघालेली.

“येडूदादा,” बुवा सर्वांदेखत म्हणाले, “तरवारी मी घातल्या. स्वारीला यमक हवं होतं. चुकलो.”

“म्हंजी फौज लडत न्हाय?”

“प्रभूच्या मागं चालते. न्याय त्याचा, लढाईही त्याची. रक्तात भिजलेला झगा तिथं एकाच्याच अंगावर आहे. बाकीच्यांनी आपली वस्त्रं पांढरी राखायची.”

येडू मटकन खाली बसला. बुवांनी पद पुन्हा धरले, ‘रिकाम्या हाती’ म्हणू लागले. चाल अडखळली, माझी झांजही चुकली. तरी ते गातच राहिले.

आशीर्वाद झाल्यावर येडूने कुऱ्हाड बायकोपुढे केली.

“तू धर. धुळाच्या दारावरनंच जायचं हाय.”

कस्तुराबाईने ती लुगड्याच्या पदरात गुंडाळली आणि त्याच्या आधी दोन पावले चालू लागली.