चंदनात अडकलेला कीबोर्ड

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. अर्थात जुना म्हणजे काय, हे मला हल्ली नीट सांगता येत नाही. ज्या रंगामुळे मला जुनाट म्हणायचे, तोच रंग लावलेले नवे कीबोर्ड मी दुकानात पाहिले, आणि त्यांची किंमत ऐकून आमच्या घरातली तिन्ही माणसं एकमेकांकडे बघू लागली. तेव्हापासून माझा जो गोंधळ सुरू झाला तो अजून थांबलेला नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पोटावर एक चिकटपट्टी होती, तिच्यावर ते लिहिलेलं असावं, पण ती केव्हाच झिजली. माझी आठवण सुरू होते ती चेन्नईत, अड्यारच्या एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर. त्या वेळी मी सायीच्या रंगाचा होतो. आता दुधात चहा जरा जास्त पडावा तसा दिसतो.

घर अनंतकृष्ण राव आणि अंबुजाबाईंचं. माणसं तंजावरकडची मराठी. यांची मराठी जुन्या वळणाची, आणि तिच्यात तमिळ शब्द न विचारता येऊन बसतात. मुलगी जननी श्रीपेरुंबुदूरला मोबाइल फोनच्या कारखान्यात आहे. कंपनीची बस तिला नेते आणि आणून सोडते.

मी अंबुजाबाईंचा. एका इस्पितळातले डॉक्टर पेशंटची हकीकत बोलून ठेवतात, ती बाई कानाला हेडफोन लावून ऐकतात आणि माझ्यावर टाइप करतात. टायपिंग त्या तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीतल्या क्लासात शिकल्या, टाइपरायटरवर. तिथले मास्तर मुलींच्या हातांवर पुठ्ठा धरायचे, बटणं दिसू नयेत म्हणून. त्यामुळे इतकी वर्षं त्यांची बोटं माझ्यावर फिरत आहेत, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंय असं क्वचितच. सुरुवातीला मला वाटायचं, बाई रागावल्या आहेत की काय माझ्यावर.

टाइपरायटरच्या सवयीनं त्या बटणं जोरात मारतात. समोर टीव्ही लावून बसलेले अनंतकृष्ण मग आवाज वाढवतात.

"अंबुजा, बातम्या ऐकू देशील काय? दगड फोडायला बसल्यासारखं चाललंय."

"तुमच्या बातम्यांनी आजवर कुणाला बरं वाटलंय काय? मला या पेशंटचा रिपोर्ट संपवून त्याला जेवायच्या आत घरी पाठवायचंय."

असे आमचे बरे दिवस चालले होते. मग इस्पितळानं एक नवं सॉफ्टवेअर आणलं. डॉक्टर बोलले की ते आपोआप लिहितं म्हणे. टाइप करणाऱ्यांतली थोडीच माणसं ठेवायची, बाकीच्यांना नमस्कार. कोणाला ठेवायचं हे ठरवायला नवरात्रानंतर परीक्षा, घरीच बसून, संगणकावर. या वयात अंबुजाबाईंना दुसरं काम कोण देणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं, आणि कुणी बोलत नाही म्हणूनच ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

आता आमच्याकडे आयुधपूजा असते, मित्रांनो. ज्या ज्या वस्तूवर घर चालतं तिला त्या दिवशी गंध-कुंकू लावायचं आणि विश्रांती द्यायची. विळी, स्कूटर, शिलाईचं यंत्र आणि मी, आम्हा सगळ्यांना हा मान असतो. दर वर्षी माझ्या कोपऱ्यावर एक ठिपका पडतो आणि मी दिवसभर ऐटीत बसतो. यंदा मात्र अनंतकृष्णांनी स्वतः चंदन उगाळलं.

"यंदा परीक्षा आहे," ते म्हणाले, "एका ठिपक्यावर भागवू नये."

आणि त्यांनी तीन बोटांनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पातळ चंदनाचे पट्टे ओढले. वरून कुंकू. वरून फूल. असं प्रेम माझ्यावर कुणी केलं नव्हतं, आणि ते थंडगार प्रेम माझ्या बटणांच्या फटींतून हळूहळू आत उतरत होतं.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. चांगल्या दिवशी श्रीगणेशा करावा म्हणून अंबुजाबाईंनी माझ्यावर हात ठेवले. खालचं लांब बटण दाबलं ते वर आलंच नाही. पडद्यावर नुसती मोकळी जागा पळत सुटली.

"अय्यो, जास्त झालं काय?" अनंतकृष्ण म्हणाले.

"देवालाही एवढं लावत नाही तुम्ही," अंबुजाबाई म्हणाल्या.

परीक्षा दोन दिवसांवर. जननी म्हणाली, "अम्मा, नवाच घेऊ. माझ्या बोनसमधून. आता हट्ट नको." आणि नमुना म्हणून मला कापडी पिशवीत घालून सगळे रिची स्ट्रीटला नारायणस्वामींच्या संगणकाच्या दुकानात गेले.

तिथे जे ऐकलं त्यानं माझं डोकं फिरलं. अनंतकृष्णांचं मत, काळा घ्यावा, मळ दिसत नाही, आणि सगळ्यांत स्वस्त तोच. जननीचं मत, लहान घ्यावा, वायर नसलेला, आतून दिवे लागणारा. नारायणस्वामींचं मत रोज बदलत असावं, कारण ते प्रत्येकाला हो म्हणत होते. मग त्यांनी काचेच्या कपाटातून एक कीबोर्ड काढला. अगदी माझ्या लहानपणीचा रंग.

"हल्ली मुलं हाच मागतात, सार. जुना लूक. आणि आवाज ऐका." त्यांनी टकटक करून दाखवलं. "या आवाजाचेच पैसे आहेत."

किंमत ऐकून अनंतकृष्णांनी चष्मा काढला. "हा आवाज आमच्या घरी रोज फुकट असतो," ते म्हणाले. "मी तो बंद करायचे पैसे देईन."

मी पिशवीत विचार करत राहिलो. ज्यासाठी मला ओरडा बसायचा त्याचीच इथे जास्त किंमत? मग मी महाग की टाकाऊ? आणि दिवे कशाला, जिचे डोळे बटणांकडे जातच नाहीत तिला?

"अम्मा, तू सांग. रंग कुठला?" जननीनं विचारलं.

अंबुजाबाई म्हणाल्या, "निळा बरा दिसतो."

निळा घेतला. आकाशी, चपटा, हात लावला की मोराच्या पिसासारखा उजळणारा. दिसायला फार देखणा होता, मी खोटं कशाला बोलू.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळपासून अंबुजाबाई त्यावर सरावाला बसल्या. मी शेजारच्या स्टुलावर होतो. बोटं घसरत होती. मऊ बटणं आवाज करत नव्हती, त्यामुळे अक्षर पडलं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. त्यात त्या निळ्याला उजवीकडची आकड्यांची बटणंच नव्हती. लहान हवा ना. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला आणि अंबुजाबाईंच्या उजव्या हातानं तो जसाच्या तसा टेबलावर टाइप केला.

त्यांनी हेडफोन काढून ठेवला. निळा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "जननी, माझ्या कण्णा, रागावू नकोस. मला हा नको."

जननी चहाचा टंबलर हातात घेऊन दारातच थांबली. "माझ्या पहिल्या बोनसचा आहे तो, अम्मा. तेव्हाच का नाही बोललीस? मी विचारलं होतं तुला."

"रंग विचारलास, पोरी. रंग मी सांगितला."

जननीनं टंबलर खाली ठेवला. तिनं मला उचललं, जमिनीवर टॉवेल पसरला आणि चमच्याच्या दांडीनं माझी बटणं एकेक उचकटायला घेतली. मित्रांनो, स्वतःचे दात असे टॉवेलवर मांडलेले पाहणं फार विचित्र असतं. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं तिनं सुकलेलं चंदन खरवडून काढलं. लांब बटण खाली गेलं आणि टुणकन वर आलं. बाकीची बटणं तिनं घाईघाईनं परत बसवली, कारण बस यायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. जननीनं कारखान्यातली पाळी बदलून घेतली होती. अंबुजाबाईंनी हात ठेवले, डॉक्टरांचा आवाज सुरू झाला आणि आम्ही धावू लागलो. टीव्ही बंद होता. मागे उभे असलेले अनंतकृष्ण वाकून माझ्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"जननी," ते कुजबुजले, "ही दोन बटणं उलटी बसवलीस. एनच्या जागी एम आहे."

जननीनं तोंडावर हात ठेवला. आता थांबवलं तर वेळ जाणार, नाही थांबवलं तर रिपोर्ट वाया जाणार. मी तर पार गोंधळलो. माझ्या कपाळावर एक अक्षर आणि पोटात दुसरं. मी नक्की कोणतं द्यायचं?

बापलेक पडद्याकडे पाहत राहिले. पडद्यावर प्रत्येक अक्षर जागच्या जागी पडत होतं. अंबुजाबाई खिडकीबाहेर, समोरच्या गच्चीतल्या वाळत घातलेल्या साड्यांकडे बघत टाइप करत होत्या.

संपल्यावर त्यांनी वळून पाहिलं. "तुम्ही दोघं असे का उभे? कुणी गेलं काय?"

अंबुजाबाईंचं काम टिकलं. सॉफ्टवेअरच्या चुका काढायलाही आता त्यांनाच बसवलंय. निळा जननीच्या खोलीत आहे, आणि ती त्याच्यावर खूश आहे. माझी दोन बटणं मात्र अजून उलटीच आहेत. जननी ती काढायला आली होती, तेव्हा अंबुजाबाई म्हणाल्या, "असू दे. मला काही अडत नाही." फक्त विजेचं बिल भरायला बसलेले अनंतकृष्ण एकेक बटण शोधून स्वतःचं नाव टाइप करतात आणि मग पडद्याकडे बघून हा कोण म्हणून विचारतात.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, कोरड्या फडक्यानं पुसा, हे तर सांगायलाच हवं. पण घरातल्या कुणासाठी काही घ्यायला निघालात, तर आधी घटकाभर त्या माणसाच्या शेजारी बसा. त्याचे हात कुठे जातात ते बघा. त्याला काय हवंय ते पूर्ण विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आमच्या अंबुजाबाईंसारख्या माणसांना ते द्यायला जरा वेळ लागतो.