नेवासकर सरांचं मनोगत

"दोनच मिनिटं घेतो," असं म्हणून काकासाहेबांनी माझ्या हातातून माईक घेतला. काकासाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांची दोन मिनिटं सगळ्या पारनेर तालुक्याला ठाऊक आहेत. कार्यक्रम होता प्राचार्य सुमंत नेवासकर सरांच्या सेवापूर्तीचा. पत्रिकेप्रमाणे आधी सरांचं मनोगत आणि शेवटी अध्यक्षीय भाषण. पण काकासाहेबांना पुढे दोन साखरपुड्यांना जायचं होतं. ते मला म्हणाले, "मास्तर, आदी मी उरकून घेतो. सर काय, घरचेच हायेत." मी मराठी विभागाचा, म्हणजे जन्मजात सूत्रसंचालक. अशा माणसाच्या हातात फक्त गुलाबी कागद असतो, बाकी सगळं अध्यक्षांच्या हातात. मी बाजूला झालो.

सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मीही पाहिलं. पाचला वीस मिनिटं कमी.

आमच्या खडकमाळच्या कॉलेजात घड्याळाचं हे वेड सरांनीच आणलं. ते बावीस वर्षांपूर्वी प्राचार्य होऊन आले, तेव्हा कॉलेज म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या आणि छपरावर माकडं. मुली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. पहिल्याच वर्षी स्नेहसंमेलन रंगत गेलं, वाड्यावस्त्यांकडे जायला काही राहिलं नाही, आणि सरांनी मुलींना उसाच्या ट्रॉलीतून घरी पोचवलं. दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली आल्या नाहीत. सर घरोघर फिरले. सगळीकडे चहा मिळाला, आणि उत्तरही सगळीकडे एकच. "सर, तुमचं कालेज लई चांगलं हाय. पर पोरगी अंधाराची भाईर नगं."

मग सरांनी एसटीच्या डेपोत ठाण मांडलं. साहेब भेटत नाहीत म्हटल्यावर ते डबा घेऊन जायला लागले आणि साहेबांच्या टेबलाशी बसून जेवायला लागले. सरांच्या पत्नी इंदूकाकू साहेबांसाठीही भाजी जास्तीची देत. त्या भाजीमुळे म्हणा की रोज समोर बसणाऱ्या माणसाचा कंटाळा येऊन म्हणा, सव्वापाचची बस सुरू झाली. कॉलेजच्या दारातून निघून सगळ्या वस्त्या घेत जाणारी. तेव्हापासून कॉलेजचा नियम ठरला की आभाळ कोसळलं तरी कार्यक्रम पाचला संपणार.

आणि तो संपायचा. एका कवींना सरांनी कवितेच्या तिसऱ्या कडव्यात थांबवलं होतं. मूल्यांकन समितीने कॉलेजचं ध्येयधोरण विचारलं, तेव्हा सरांनी घड्याळ बघितलं आणि "एक मिनिट हं" म्हणून मुली बसमध्ये चढल्या का ते पाहायला फाटकाशी गेले. समितीने बी प्लस दिला. तो इमारतीला होता की फाटकाशी जाण्याला, ते कळलं नाही. आज तीन मजले आहेत, ग्रंथालय आहे, मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. माकडं मात्र तीच असावीत.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. नेवासकर सरांना भाषणाची विलक्षण हौस, आणि बावीस वर्षांत त्यांचं एकही भाषण पूर्ण झालेलं नव्हतं. पाहुणे उशिरा येणार, लांबवणार, आणि बससाठी कात्री लागणार ती सरांच्याच भाषणाला. स्वतःचं भाषण कापताना त्यांचा चेहरा दाढ काढून घेणाऱ्या माणसासारखा व्हायचा. त्यामुळे सेवापूर्तीच्या मनोगताची त्यांनी वर्षभर तयारी केली होती. सावेडीतल्या घरून पहाटे फिरायला जाताना ते बोलत जायचे. शेजारचे लोक आधी घाबरले, मग सरावले. इंदूकाकूंना सगळं पाठ झालं होतं. कॉलेजातही बातमी होती, की या वेळी सर पूर्ण बोलणार. मुली तर मला रोज विचारत होत्या, सरांना पत्रिकेत किती वेळ दिलाय म्हणून.

तर काकासाहेब बोलत होते. आधी संस्थेची स्थापना झाली. मग त्यांच्या वडिलांनी जमीन कशी दिली ते झालं. मग ती जमीन किती भारी होती, आज तिथे काय भाव चाललाय, हेही झालं. सरांचं नाव अजून आलं नव्हतं. पाच वाजले. फाटकाशी बस येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला.

सरांनी स्टेजवरूनच मुलींना हाताने खूण केली, निघा. पहिल्या रांगेत टी.वाय.ची ज्ञानेश्वरी बसली होती. तिने मान हलवून नाही म्हटलं. सरांनी डोळे मोठे केले. तिने पुन्हा नाही म्हटलं, आणि तिच्या मागच्या सगळ्याच जणी मांडी ठोकून बसून राहिल्या. अध्यक्षांच्या भीतीने उठत नाहीत, असं सरांना वाटलं. मलाही तेच वाटलं.

मी धीर करून काकासाहेबांपुढे चिठ्ठी सरकवली. त्यांनी ती माईकवर मोठ्याने वाचली. "बस निघायची वेळ झाली आहे. आवं, निघंल कशी? मी हाय ना. थांबवा म्हनावं बस." टाळ्या पडल्या. बस थांबवायला मात्र कोणी उठलं नाही. काकासाहेबांनी 'थांबवा' म्हटल्यावर आमच्याकडे कँटीनचा चहासुद्धा थांबत नाही.

सर माझ्याकडे झुकले. "माझं मनोगत किती वेळाचं धरलंय?"

"अर्ध्या तासाचं, सर."

समोर इंदूकाकू नवं लुगडं नेसून ताठ बसल्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला ती दाढ काढतानाची मुद्रा दिसली.

तेवढ्यात काकासाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. ते पहिला घोट घेतात न घेतात तोच सर उठले, माईकपाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, "यानंतर राष्ट्रगीत."

आपल्याकडे भाषण थांबवण्याचा दुसरा उपाय अजून निघालेला नाही. सगळा मांडव उठला. गाणाऱ्या मुली आधी एकमेकींकडे बघत राहिल्या, पण सरांनी स्वतःच सूर लावल्यावर त्यांनाही गावं लागलं. काकासाहेब ग्लास धरून सावधान उभे. तोंडातलं पाणी गिळावं की नाही, याचा त्यांना निर्णय करता येत नव्हता. राष्ट्रगीत संपलं आणि लोकांनी सवयीने खुर्च्या सरकवल्या. त्यानंतर देव आला तरी भाषण करू शकत नाही. मुली मात्र जागच्या हलेनात. शेवटी सर स्टेजवरून उतरून ओरडले, "पळा!" तेव्हा त्या गेल्या. ज्ञानेश्वरी जाताना सरांकडे अशी रागाने बघत गेली, की मला नवलच वाटलं.

काकासाहेबांनी अखेर पाणी गिळलं. "सर, ह्ये काय केलं? माझं ऱ्हाऊ द्या. तुमचं मनोगत ऱ्हायलं की."

"बस होती, काकासाहेब," सर म्हणाले.

सरांना मिरवत घरी नेण्यासाठी सजवलेली गाडी काकासाहेबांची होती. ती झेंडूच्या माळांसकट साखरपुड्याला निघून गेली. मग मी माझी गाडी काढली. सर पुढे, काकू मागे, त्यांच्या मांडीवर शाली आणि नारळ.

"आता बोला," काकू म्हणाल्या. "रस्ता लांब आहे."

"तुला पाठ आहे सगळं."

"पाठ आहे. पण माझ्याबद्दल एक वाक्य होतं त्यात. तेवढं चारचौघांत ऐकायचं होतं."

सरांनी खिडकीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली. मला फार वाईट वाटलं आणि मी उगाच गियर बदलला.

सुप्याच्या पुढे सरांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजातच असतो.

"सर, मी मच्छिंद्र. ज्ञानेश्वरीचा बाप."

सर दचकले. "पोचली ना ती?"

"पोचली की. म्हनून तर फोन केला. आज बस कशाला धरायला लावली? आमी वस्तीवरच्यांनी जीप ठरिवली हुती. पोरींनी सकाळीच सांगितलं हुतं, बसनं येनार न्हाई, सरांचं भाषान पुरं ऐकूनच येनार. सातला कालेजावर न्यायला येनार हुतो आमी."

"अहो, सातला अंधार होतो."

"व्हऊ द्या की. कालेजातच हुत्या ना? मंग कसलं भ्याव?"

सरांनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. मागे काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी गाडी कडेला घेतली, कारण मलाही रस्ता नीट दिसेना.

"ती रुसून बसलीय," मच्छिंद्र सांगत होता. "घ्या, बोला तिच्याशी."

ज्ञानेश्वरी आली. म्हणाली, "सर, तुम्ही काय बोलणार होता?"

सरांनी तोंड उघडलं. वर्षभर घोटलेल्या मनोगतातलं एकही वाक्य त्यांना आठवेना. ते माझ्याकडे बघायला लागले, मग मागे वळून काकूंकडे. काकूंनी सुद्धा काही सुचवलं नाही.

"जेवलीस का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग आधी जेवून घे," सर म्हणाले.