केबिनमधला चहा

त्या शिवणकारखान्यात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मालकीणबाईंनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला, की संध्याकाळी तुमच्या मशीनवर झाकण पडलंच म्हणून समजा. दोघींच्या बाबतीत तसं झालं होतं, आणि नियम बनवायला माणसाला तेवढं पुरतं. बिनचहाच्या किती जणी गेल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

म्हणून दोघी जावांमधल्या धाकटीला केबिनमधून निरोप आला, तेव्हा तिने मशीन बंद केलं ते शेवटचंच समजून. नवरा घरी बसलेला. घर चालायचं ते तिच्या आणि शेजारच्या मशीनवरच्या थोरल्या जावेच्या पगारावर. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या, जणू तिला कोणी ओळखतच नव्हतं.

थोरली तेवढी कुजबुजली, "तू हूं की चूं करू नकोस. मी आहे."

आत कप भरून ठेवला होता. मालकीणबाई हसल्या. वाईट बातमी सांगायच्या आधी माणसं अशीच हसतात, असं तिला वाटलं.

"बसा. बरेच दिवस तुमच्या कामावर माझी नजर आहे. तुमच्याबद्दल मी एक ठरवलंय."

म्हणजे कळलं यांना. परवा थोरलीने गठ्ठाभर शर्टांना कॉलर उलट्या जोडल्या होत्या, आणि दोघींनी मिळून तो गठ्ठा जिन्याखाली दडवला होता. भीतीने तिची जीभ सुटली.

"बाई, त्या कॉलर माझ्या नव्हेत. ताईंनी उलट्या लावल्या. मी फक्त गठ्ठा जिन्याखाली सरकवला. मला काढू नका हो."

मालकीणबाईंचा चमचा थांबला. "कुठल्या कॉलर? मी तुम्हाला सुपरवायझर करणार होते."

धाकटी चहावरच्या सायीकडे बघत राहिली. बोललेलं गिळता आलं असतं तर तिने कपासकट गिळलं असतं.

"तुमचं ठरलंय ते ठरलंय," मालकीणबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "ताईंना आत पाठवा. आणि जाताना अजून एक चहा सांगा."

ती बाहेर आली तशी मशीनं एकेक करून थांबली. थोरली काम टाकून पुढे आली.

"काढलं का गं तुला?"

"नाही."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. "बघ, उगाच घाबरलीस. मी म्हटलं नव्हतं?"

"ताई, तुम्हाला आत बोलावलंय."

"चहाला?"

धाकटीला वर बघवेना. तेवढ्यात मागे कोणीतरी थोरलीच्या मशीनचं झाकण शोधून काढलं आणि मुकाट्याने तिच्या स्टुलावर आणून ठेवलं.