काम करणारे : दोन

पाटसच्या फाट्यावर आडवी झालेली उसाची ट्रॉली.

रांजणगावच्या कंपनीची बस. काचेला डोकी टेकून झोपलेले कामगार.

केंदूरच्या एका गोठ्यातून धारेचा आवाज.

टॅबची बॅटरी, एकसष्ट टक्के.

जानेवारीतल्या एका सकाळी अनितानं एवढं पाहिलं आणि त्या गोठ्याच्या मालकाच्या, मारुतरावांच्या ओट्यावर टॅब उघडला. ती दौंडची. देशात कोण काम करतं, किती करतं, याची सरकारी पाहणी चालू होती. ती त्यात कंत्राटावर घरोघर फिरत होती.

"आबा, घरात कामाला कोण कोण?"

"मी आन् पोरगा. दोघं."

"सूनबाई?"

"राजश्री? ती घरीच असती. आमच्यातल्या बाया कामाला जात न्हाईत."

राजश्री शेणाच्या हातांनी गोठ्याच्या दारात उभी होती. "ताई, मला इचारा की," ती हसत म्हणाली.

"तू च्या टाक," मारुतराव म्हणाले.

अनितानं 'घरकाम' निवडलं. सगळीकडे बाईचं उत्तर पुरुषच देतो. वाद घालत बसलं, तर दिवसाची घरं पुरी होत नाहीत.

एप्रिलमध्ये दुसरी फेरी. राजश्री नव्हती. फेब्रुवारीत कांद्याला पाणी द्यायला गेली, तेव्हा मोटारीच्या पेटीत करंट उतरला होता.

अनितानं पुढचा प्रश्न वाचला, कारण तो पुढचा होता.

"काम करणारे?"

"दोघंच. मागल्यावानी."

"आणि म्हशी? कांदा?"

"धारंला सारजाबाई ठेवलीया. रानात दोघी रोजानं. तरी उरकंना."

टॅबनं तीन मजूर घेतले. घरातले काम करणारे: जानेवारीत दोन, एप्रिलमध्ये दोन. खाली आकडे जुळल्याची हिरवी खूण. राजश्रीचं काम देशाच्या आकड्यांत आलं ते ती गेल्यावर, दुसऱ्यांच्या नावानं.

शिरूरच्या ऑफिसात तिनं सुपरवायझर इंद्रजीतला जानेवारीचा फॉर्म दुरुस्तीसाठी पुन्हा उघडायला सांगितलं.

"मॅडम, म्हातारा बोलला ते लिहिलं. आपलं काय चुकलं?"

"तिला विचारलं नाही."

"मेलेल्या बाईला कामाला लावताय व्हय? फॉर्म उघडला की चूक तुमच्या नावावर वर जाणार. मेमध्ये कंत्राट रिन्यू होणार न्हाई, सांगून ठेवतो."

"जाऊ द्या वर."

शेऱ्याच्या जागी तिनं लिहिलं: राजश्री, वय चोवीस. काम करत होती. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी पुरुष बोलू लागला, तसा तिनं टॅब मांडीवर पालथा घातला.

"आधी बाईंना बोलवा, दादा. थांबते मी."

जानेवारीत, चहाचा वेळ धरून, ती मारुतरावांच्या घरी अकरा मिनिटं होती.