मागे वळून बघायचं नाही

टण्ण! घंटा वाजली आणि गल्लीभर टाळ्या पडल्या. लूमवरून शिफ्ट सुटलेले कारागीर थांबले, रिक्षावाल्यांनी हात जोडले, कुणीतरी फाटकावर नारळ फोडला. "और एक बच गया!" पानवाला ओरडला.

भिवंडीत या जागेला 'घंटावाला दवाखाना' म्हणतात. पाटीवरचं खरं नाव कुणालाच आठवत नाही. केसरीनाथ महाराजांनी दारात पितळी घंटा बसवली, आणि तेव्हापासून म्हणे इथे एकही माणूस मेलेला नाही. एकही नाही! रुग्णाला सुट्टी मिळाली की महाराज स्वतः घंटा वाजवतात. मग घरचे पुढे, स्ट्रेचर मागे, अशी वरात फाटकाकडे निघते.

महाराजांचं प्रवचनही फाटकातच. "यमदूताच्या मोबाईलची इथे रेंज जाते! मघाशीच एक निघाला होता ठाण्याहून. काल्हेरच्या ट्रकांत अडकलाय बिचारा, हॉर्न वाजवत बसलाय." लोक खदाखदा हसतात. मग आवाज खाली आणून महाराज म्हणतात, "पथ्य एकच. घंटा वाजली की गाडीत बसेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. बघितलंत, तर मृत्यू तुमच्या मागोमाग घरी येईल. मग मला बोल लावू नका."

मी डॉक्टर कौसर, भिवंडीचीच, पण या दवाखान्यातली नाही. माझं काम सांगितलं की लोक जांभई देतात. रुग्णालयातून घरी गेलेला माणूस महिन्याभराने कसा आहे, हे त्याच्या घरी जाऊन विचारायचं, बस. घाईने घरी पाठवलं का, जखम चिघळली का, औषध चुकलं का, हे रुग्णालयाच्या खाटेवर कळत नाही, घरी कळतं.

या दवाखान्यातून सुटलेल्यांच्या घरी गेले आणि हादरलेच. या घरी मयत, त्या घरी मयत. शमीमचाचींनी चहा पुढे केला आणि ओढणीने डोळे टिपले. "बेटा, डॉक्टरने तर बरं करून पाठवलं होतं. घंटा वाजली होती. मीच मुई मागे वळले, माझ्या इक्बालची टोपी राहिली होती म्हणून. रस्त्यातच गेला."

अंबाडीच्या पुढच्या एका पाड्यावर कमळी भेटली. मजुरी करणारी, अंगाने काटकुळी. तिचा नवरा देवू असाच जीपमध्ये गेला होता. "त्याची चप्पल पडली, मी मागं बगलं, न देवू गेला. मीच खाल्ला त्याला, बाय." तिची लेक पूर्वा शेजारी बसून आईच्या पदराचं टोक चावत हे सगळं ऐकत होती. त्या पोरीलाही आता पाठ झालं होतं की बापाला आईने मारलं.

मला राग असा आला की कपाळाची शीर उडायला लागली. पण रागाने काही सिद्ध होत नाही. म्हणून मी उलट्या बाजूने गेले. जे घरी जाऊन ठणठणीत राहिले, त्यांच्या घरच्यांनाही तेच विचारलं: मागे बघितलं होतं का? एक बाई तर हसतच सुटली. "मग काय! जेवणाचा डबा विसरले होते ना, सारखी वळून बघत होते. महाराजांना सांगू नका हां." म्हणजे मागे बघणारे जगत होते आणि मरतही होते. मागे बघण्याने कुणी मरत नव्हतं. मग कशाने मरत होते?

दवाखान्याचे मालक डॉक्टर भावेश यांना जाऊन विचारलं. ते गोड हसले. "आमच्याकडे मृत्यू शून्य, मॅडम. कुणालाही विचारा."

"मरायच्या आधीच घरी पाठवलं तर इथे मरणार कोण?"

"घरचे खुशीने नेतात हो. 'सुट्टी' म्हटलं की त्यांचे चेहरे बघा तुम्ही. तो आनंद मी कशाला हिरावून घेऊ?"

त्या शब्दातच सगळी मेख होती. आपल्याकडे सुट्टी मिळाली म्हणजे माणूस बरा झाला, पेढे वाटा. भावेश डॉक्टरांच्या तोंडी सुट्टी म्हणजे खाट मोकळी झाली. शब्द तोच. वाचणाऱ्यालाही सुट्टी, मरणाऱ्यालाही सुट्टी, आणि दोघांनाही घंटा.

तेवढ्यात पूर्वाला न्यूमोनिया झाला. कमळीने तिला कुठे आणावं? तिथेच! मला कळलं तशी मी धावले. पोरीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि मास्क असूनही छाती भात्यासारखी हलत होती. मी ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात खाट मिळवली, ऑक्सिजनवाली अॅम्ब्युलन्स फाटकाबाहेर आणून उभी केली.

"कमळे, ऐक माझं. हिला ठाण्याला नेऊ. मी सोबत येते."

"न्हाय बाय. हितं कुनी मरत न्हाय." तिने माझा हात धरला. "देवूच्या टायमाला माजी चूक झाली. आता मी बगनारच न्हाय. मानेला फडका बांधीन, पन बगनार न्हाय."

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली.

टाळ्या पडल्या. कमळी पुढे, मान ताठ, डोळे फाटकावर. सगळ्या गर्दीचं लक्ष नारळाकडे. मी एकटी भिंतीला टेकून उलट्या दिशेला तोंड करून उभी होते. आणि मला दिसलं. एका माणसाने पूर्वाच्या तोंडावरचा मास्क काढला. दुसऱ्याने सिलिंडर ढकलत आत नेला. जेवण झाल्यावर ताट उचलावं, इतक्या सहज.

मागे का बघायचं नाही, ते हे होतं! यमदूत वगैरे काही नाही. सिलिंडर आत जाताना दिसू नये, एवढंच. ज्या वळल्या होत्या, त्यांचेही डोळे टोपी नि चप्पल शोधत होते.

"कमळे, मागे बघ! अगं, मागे बघ!" मी घसा फाडून ओरडले. स्ट्रेचरला लटकले. चार हातांनी मला मागे ओढलं. "पागल है क्या? अपशकुन करतेय!" कमळीने माझा आवाज ओळखला असणार, कारण तिने दोन्ही कान दाबून घेतले. पोरीला जीपमध्ये घातलं आणि जीप भिवंडी-वाडा रस्त्याला लागली.

गर्दीने मला सोडलं तेव्हा कालपासून उभी ठेवलेल्या अॅम्ब्युलन्समध्ये बसून मी पाठलाग केला. ऑक्सिजन माझ्या गाडीत, आणि पोर पुढच्या जीपमध्ये. अंबाडी नाक्यावर जीप थांबलेली दिसली. कमळी भाजीच्या गाड्यांमध्ये रस्त्यावरच बसली होती. पूर्वा तिच्या मांडीवर होती. मी नाडी बघितली. बघायची गरज नव्हती.

कमळी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मी न्हाय बगलं, बाय. एकदाबी न्हाय. मंग?"

मी तिला खरं सांगितलं. मास्क, सिलिंडर, सगळं.

"मंग बगलं असतं तर वाचली असती?"

"वाचलीच असती असं नाही सांगू शकत मी. पण वाचण्याची संधी होती. आणि देवू तुझ्यामुळे गेला नाही. तुझी काहीच चूक नव्हती." ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. पोरीच्या केसांतला गवताचा काटा काढत बसली होती.

मी आरोग्य खात्याकडे तक्रार केली. उत्तर आलं: सदर रुग्णालयात मृत्यू झाल्याचे आढळले नाही. बरोबरच आहे. पोर अंबाडी नाक्यावर मेली ना! भिवंडीत आता अशी गोष्ट सांगतात की डॉक्टरीणबाईंनी हाक मारली आणि पोर गेली. महाराजांनी पथ्यात भर घातली आहे: कुणी हाक मारली तर कान झाकायचे. गर्दी आणखी वाढली आहे. हे लिहितानाही घंटा ऐकू येतेय मला.

तेव्हा तुम्हीच ऐका. महाराजांवर विश्वास ठेवू नका, भावेश डॉक्टरांवर नको, माझ्यावरही नको. जिथे कुणी मरतच नाही असं सांगतात, तिथे विचारा की मग मरायला कुठे पाठवता? सुट्टी मिळाली की विचारा, माणूस बरा झाला की नुसती खाट मोकळी झाली? आणि फाटकातून जाताना नारळाकडे बघू नका. आपल्या माणसाच्या तोंडाकडे बघत चला.