साडेआठची नोंद

कवायतमास्तर म्हणून आबांनी पस्तीस वर्षं पोरांना शिट्टीवर नाचवलं, पण घरात सूनबाईपुढे त्यांची बोलती बंद. म्हणून सात वर्षांच्या नातीला, भिंगरीला, पाय धरून उलटं टांगायचा कार्यक्रम ते जेवणानंतर, सूनबाई भांडी घासायला गेली की गुपचूप उरकत. भिंगरीला सिस्टिक फायब्रोसिस. फुप्फुसांत चिकट कफ साठायचा. ती तान्ही असताना डोकं खाली करून पाठ थोपटायला इस्पितळानंच शिकवलं होतं. पुढे त्यांनीच ते बंद करायला सांगितलं, पण आबा कसले ऐकतात! उलटं केलं की कफ सुटतो, हे त्यांचं ठाम मत. शिवाय पोर खिदळायची ते वेगळंच.

यंदा भिंगरीला दोनदा न्यूमोनिया झाला. पोटातलं आम्ल वर येऊन फुप्फुसांत उतरतंय, असा डॉक्टरीणबाईंना संशय. त्यांनी आम्ल मोजायला नाकातून बारीक नळी घातली, मोजणी टिपणारी डबी कमरेला बांधली आणि आबांच्या हाती वही दिली. चोवीस तासांत पोर कधी जेवली, कधी आडवी झाली, सगळं लिहायचं.

आबांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. पण जेवण झाल्यावर भिंगरी "आबा, वटवाघूळ" म्हणून मागे लागली आणि म्हातारा विरघळला. वहीत नोंद झाली: साडेआठ, बसून गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी आबा आणि सूनबाईसमोर डॉक्टरीणबाईंनी डबीतला आलेख पाहिला. दिवसभर सगळं बऱ्यापैकी, साडेआठला मात्र आम्ल थेट गळ्यापर्यंत.

"कसली गोष्ट सांगितलीत, आजोबा?"

"राक्षसाची," आबा म्हणाले.

"नुसतं बसून एवढं चढत असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

आबांनी वही मिटली. सूनबाईकडे न बघता ते म्हणाले, "खोटं लिहिलं मी. उलटी टांगली होती. रोजच टांगतो, जेवण झाल्या झाल्या."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आधी ते बंद करा. महिन्याभरानं पुन्हा तपासू, मग बघू."

आता सूनबाई आपली सालटी काढणार, म्हणून आबा मान खाली घालून बसले. पण ती रडायलाच लागली. "वर्षभर तिचं तिखट बंद केलं, तळण बंद केलं," ती म्हणाली. "तरी रोज वाटायचं, माझ्याच हातचं काहीतरी बाधतंय पोरीला."

आबांना वाटलं, त्यापेक्षा हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.